साडेसहा लाखांची खरखर

निवृत्तीनंतर फंडाचे पैसे हाती आले तेव्हा मी दोन मोठे खर्च केले. गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि साडेसहा लाखांची म्युझिक सिस्टीम आणली. गच्चीबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही.

दुकानात मला जे ऐकवलं ते सगळं परकं होतं. ऑडिओच्या दुकानात गेलं की ‘हॉटेल कॅलिफोर्निया’चं ते 1994 सालचं, श्रोत्यांसमोर झालेलं ध्वनिमुद्रण ऐकल्याशिवाय सुटका नसते. आधी गिटार, मग ढोलाचा ठोका थेट छातीवर, आणि टाळ्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी गार झालो. एरवी तांदूळ घेतानासुद्धा मूठभर घरी नेऊन शिजवून बघणारा माणूस मी. इथे मात्र स्वतःचं एकही गाणं बरोबर न नेता चेक फाडला.

माझं गाणं म्हणजे साडेतीनशे कॅसेटी, बाबांच्या वेळच्या दीडेकशे लाखेच्या तबकड्या आणि नव्वदच्या दशकात हौसेने घेतलेल्या सीडी. निम्म्या कॅसेटी विकतच्या नव्हेतच. कुणाच्या घरची बैठक, कुठल्या गणेशोत्सवातलं गाणं, आकाशवाणीवरून उतरवून घेतलेला शनिवार रात्रीचा राष्ट्रीय कार्यक्रम. प्रतीची प्रत, आणि पुष्कळदा तिचीही प्रत.

पहिल्या रात्री मी लावली ती सांगलीची कॅसेट. 1986च्या मे महिन्यात मामांच्या वाड्यात एका बुवांचं गाणं झालं होतं. बुवा मोठे, पण नाव त्या मानाने झालं नाही. मी तेव्हा बँकेच्या नोकरीत, नांदेडकडच्या एका शाखेत अडकलेला. मला जाता आलं नाही. मामांनी आपला सेलवरचा टेपरेकॉर्डर बुवांसमोर लोडावर ठेवून गाणं उतरवलं आणि नव्वद मिनिटांच्या कॅसेटची प्रत मला पाठवली. त्यातला बागेश्री मी टू-इन-वनवर किती वेळा ऐकला असेन याची गणती नाही. कुठल्या तानेनंतर कोण खोकतं, हेसुद्धा पाठ.

नव्या सिस्टीमवर तो बागेश्री सुरू झाला आणि आधी ऐकू आला पंखा. मामांच्या माजघरातला छताचा पंखा, घर्र-घर्र, एका पात्याला झोल असलेला. त्याच्याखाली ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण. सगळ्यावरून टेपची सळसळ, चुरमुऱ्यांचं पोतं कुणी सतत ओतत असल्यासारखी. आणि मधे कुठेतरी, भांड्यात तोंड घालून गावं तसे बुवा. त्यातून एक चमत्कार वेगळाच. बुवा जोरात गायले की पंखा लांब जायचा, आणि श्वास घ्यायला थांबले की धावत जवळ यायचा. स्वस्तातल्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप जुळवणारी एक सोय असे. समोर शांतता झाली की ते यंत्र कान टवकारून जे सापडेल ते मोठं करून टिपायचं. तीस वर्षं ऐकलेल्या कॅसेटमध्ये ही हालचाल मला कधी जाणवली नव्हती.

स्वयंपाकघरातून आवाज आला, “पंख्याचा आवाज फार सुरेख येतोय हं.”

कारण साधं होतं, पण ते पचायला वेळ लागला. माझ्या टू-इन-वनचा कर्णा चार इंची, कागदी. खालचा खर्ज त्याला झेपायचा नाही आणि वरची सळसळ त्याच्यापर्यंत पोचायची नाही. मधला माणसाच्या गळ्याचा पट्टा तेवढा तो इमानाने ऐकवी. ध्वनिमुद्रणातली घाण नेमकी दोन्ही टोकांना साचलेली असते, खाली वीज आणि पंखा, वर सळसळ. कर्ण्याने दोन्ही टोकं छाटली आणि गाळून मला नेमकं गाणं दिलं. नवे स्पीकर 35 हर्ट्झपासून 20,000 हर्ट्झपर्यंत सगळं दाखवणारे. टोकं छाटायची नाहीत म्हणूनच तर त्यांची ती किंमत.

सीडींची कथा निराळी. जुन्या चित्रपटगीतांच्या काही सीडी इतक्या चढ्या आवाजात भरलेल्या निघाल्या की सतार आणि कुजबुज एकाच उंचीला. नाट्यपदांचा एक संच तर ‘खरखर काढून’ विकला होता. खरखर गेली होती खरी, पण बरोबर ऑर्गनचा भातासुद्धा गेला आणि ‘स’चा उच्चार ‘फ’कडे झुकला. पाण्याच्या टाकीत बसून गायल्यासारखं. असल्या सफाईबद्दल मला खरखरीपेक्षा जास्त राग आहे. खरखर ही काळाने केलेली जखम, ही सफाई कुणीतरी पगार घेऊन केलेली.

पुढचे आठ महिने मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण पुरावा माझ्याच हातचा आहे. बँकेत आयुष्य गेल्यामुळे नोंदी ठेवायची खोड. रोज काय ऐकलं ते मी वहीत लिहितो. एका रविवारी ती वही चाळली, तर आठ महिन्यांत मल्लिकार्जुन मन्सूर दोनदा, हिराबाई बडोदेकर एकदा, सांगलीची कॅसेट त्या पहिल्या रात्रीनंतर शून्य. त्याऐवजी कुणा नॉर्वेच्या बाईंची पियानोवरची गाणी एकोणतीस वेळा. त्या बाईंशी माझं भांडण नाही. त्यांच्या गाण्यात ओठ मिटल्याचा आवाजसुद्धा नितळ येतो. पण त्या काय म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची इच्छाही झाली नव्हती. मी गाणं ऐकत नव्हतो, स्पीकर ऐकत होतो. सिस्टीमला शोभेल तेच लावायचं, म्हणजे सोफ्याला शोभतील असेच पाहुणे बोलवायचे, तसं चाललं होतं.

त्या रविवारपासून मी वाईट ध्वनिमुद्रणांशी नीट जुळवून घ्यायला बसलो. दीड वर्ष गेलं.

पहिली अडचण म्हणजे माझ्या अँप्लिफायरला बास-ट्रेबलची बटणंच नाहीत. महागड्या यंत्रांत ती बहुधा नसतात. मूळ ध्वनीत ढवळाढवळ नको, असं ते तत्त्व. मूळ ध्वनीच नासका असला तर काय करायचं, हे तत्त्व सांगत नाही. मी जुन्या बाजारातून एक जुना अँप्लिफायर उचलला, दोन हजार सातशेला, बास, ट्रेबल आणि मोनोचं बटण असलेला. कपॅसिटर बदलायला आणखी नऊशे गेले. मग स्पीकरची तोंडं फिरवली. ते थेट कानाकडे रोखलेले होते, ते सरळ समोरच्या भिंतीकडे केले. वरच्या पट्टीतला ध्वनी टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो. झोत कानावरून काढला की सळसळ मवाळ होते आणि गळा जवळपास तसाच राहतो. याला एक पैसा लागला नाही, फक्त फरशीवर ओरखडा पडला आणि त्याबद्दल ऐकून घ्यावं लागलं.

एकाच माइकवर घेतलेलं गाणं दोन स्पीकरांतून वाजवलं की बुवा दोघांच्या मधे हवेत तरंगतात, आणि मान जरा हलवली की तेही सरकतात. म्हणून मोनो गाण्यांना मी एकच स्पीकर लावू लागलो. एका जागी बसलेला माणूस एका जागेवरून गातो, बरं वाटतं. शिवाय आवाज किती ठेवायचा हाही प्रश्न होताच. नव्या सिस्टीमच्या जोरात मी सगळं गडगडाटी लावत होतो. बैठकीत तिसऱ्या रांगेत बसल्यावर गळा जेवढा मोठा ऐकू येईल तेवढाच ठेवला, की निम्मी घाण आपोआप खाली बसते.

तबकड्यांचा अभ्यास मात्र खरा रंगला. बाबा त्या चावीच्या फोनोवर पोलादी सुईने वाजवायचे, आणि सुई दर बाजूला बदलायची असते हा नियम त्यांनी काटकसरीपोटी पाळला नव्हता. खाचा जिथे घासल्या आहेत तिथे नेमकी गायकाची वरची जागा असते, कारण मोठ्या आवाजाची वळणंच सुईने आधी खाल्लेली. मी सुरुवातीला त्या एलपीच्या सुईने वाजवत होतो. एलपीची सुई बारीक, लाखेच्या तबकडीची खाच तिच्या मानाने तिप्पट-चौपट रुंद. ती खाचेच्या तळाशी, सगळ्या धुळीत लोळत जायची. 78साठीची जाड सुई बसवली आणि तीच तबकडी दहा वर्षांनी तरुण झाली. मोनोचं बटण दाबलं की आणखी फरक पडतो. या तबकड्यांत गाणं खाचेच्या आडव्या हालचालीत असतं, आणि सुईच्या वरखाली उड्या म्हणजे निव्वळ खरखर. दोन्ही बाजू एक केल्या की त्या उड्या एकमेकींना मारतात.

धुण्याच्या बाबतीत मी एक तबकडी गमावली. एलपी पुसायचं स्पिरिटवालं द्रावण तिच्यावर फिरवलं आणि फडक्याला काळं लागायला लागलं. धूळ निघतेय म्हणून मी खूश. निघत होती ती लाख. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून तर सुतार तिचं पॉलिश करतात, हे मला शाळेपासून माहीत होतं. तेव्हा आठवलं नाही. आता साधं पाणी, साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश, मधला कागद न भिजवता.

आणि वेग. 78 हा आकडा लेबलवर असतो, पण 1925च्या आधी, माइक नव्हता आणि गाणारा भोंग्यात तोंड घालून गायचा, त्या काळात तबकडी कोरणारं यंत्र कधी 74ने फिरे, कधी 80ने. फिरतीचा वेग दोन-चार चुकला की काळी चार ऐकू येते ती तीनकडे नाहीतर पाचकडे घसरते. केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीत घालून अंतराळात पाठवली. त्या तबकडीच्या आवरणावर एक फेरा 3.6 सेकंदांत घ्यायचा हे चिन्हांनी कोरून दिलंय, सुईसकट. परग्रहावरच्या मंडळींची एवढी काळजी घेतली, आणि इथे आम्ही पेटी मांडीवर घेऊन अंदाज बांधतो.

वेगाचं हे वेड तबकड्यांवरून कॅसेटींवर आलं आणि त्यातून सांगलीचा बागेश्री पुन्हा बाहेर निघाला. मुलीने लॅपटॉपवर ऑडॅसिटी हा फुकटचा प्रोग्रॅम घालून दिला होता. मी कॅसेट त्यात उतरवली. आधी सफाई करून पाहिली, कारण मोह कुणाला सुटलाय. प्रोग्रॅमला खरखरीचा नमुना दाखवायचा आणि म्हणायचं, हे काढ. त्याने सळसळ काढली, पंखा काढला, आणि तंबोरेही काढले. त्याचाही दोष नाही. जे अखंड, एकसारखं चालू आहे ते नको असलेलं, हा त्याचा हिशेब. तंबोऱ्याएवढं अखंड आणि एकसारखं दुसरं काय असतं? जवारीचा सगळा पदर कापून गेला आणि बुवा निर्वात पोकळीत गाऊ लागले. मी ते पुसून टाकलं. तेव्हापासून मी ठोके आणि टकटक तेवढी काढतो, सळसळीला हात लावत नाही. दहा मिनिटांत कान तिला विसरतो.

पण त्या प्रोग्रॅममध्ये आवाजाचं चित्र दिसतं. उजेडाच्या रेषा आडव्या धावतात. त्यात तळाशी एक बारीक सरळ रेष होती, 104 हर्ट्झवर, तिच्यावर फिकट 208, तिच्यावर 312. ही चोकची गुणगुण. आपली वीज 50 हर्ट्झची, चोक दुपटीने गुणगुणतो, म्हणजे रेष 100वर हवी. माझा डेक मी 3,000 हर्ट्झच्या चाचणी-कॅसेटवर तपासून घेतलेला, तेव्हा दोष टेपमध्येच. मामांचे सेल उतरलेले असणार. यंत्र सावकाश फिरत असताना उतरवलेलं गाणं नेहमीच्या वेगाने वाजवलं की ते भरभर आणि वरच्या पट्टीत ऐकू येतं. म्हणजे तीस वर्षं मी हे गाणं चढं ऐकत आलो होतो.

100च्या हिशेबाने वेग उतरवला, तर बुवांचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोन यांच्या फटीत जाऊन बसला. तिथे पेटीला पट्टीच नाही. बुवांचं आकाशवाणीवरचं एक गाणं माझ्याकडे आहे, त्यात ते स्वच्छ काळी एकमध्ये गातात. दोन दिवस मी त्या फटीत अडकून होतो. शेवटी शेजारच्या गृहस्थांना विचारलं. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले अभियंते, गाण्याशी संबंध शून्य. त्यांनी चित्र पाहिलं आणि हसायला लागले.

“शहाऐंशी सालचा मे महिना, रात्रीची वेळ. तुम्हाला पन्नास कोण देणार होतं? विजेचा तुटवडा, सगळी ग्रीड ओझ्याखाली वाकलेली. एकोणपन्नास धरा.”

49 म्हणजे चोक 98वर. 104ला 98ने भागलं, 1.06. पेटीवर एका पट्टीचं अंतर तंतोतंत तेवढंच. षड्ज पांढरी दोनवरून उतरून काळी एकवर आला आणि जागेवर बसला. मी खुर्चीवरून उठून उगाच खोलीत एक फेरी मारली.

ऐकायला मात्र सुख वाटलं नाही. पंचेचाळीस मिनिटांची बाजू पावणेअठ्ठेचाळीस मिनिटांची झाली. आवाज भारदस्त झाला, पण विलंबित आणखी विलंबित. ज्या तानेवर मी आयुष्यभर मान डोलावली ती तितकी वेगवान नव्हतीच. माझे बुवा कुणीतरी बदलून वेगळे आणून बसवल्यासारखं वाटलं. आठवडाभर मी दोन्ही प्रती आलटून पालटून लावत होतो, आणि खरं सांगायचं तर मन चुकीच्या प्रतीकडे ओढत होतं.

त्या चित्रात आणखी एक गोष्ट होती. अठराव्या मिनिटाला ती तळाची रेष तुटत होती. पुढची अकरा मिनिटं रेष नाही, मग पुन्हा सुरू. टेप खराब झाली असेल म्हणून मी सोडून दिलं होतं. अभियंते म्हणाले, “खराब कसली, लाइट गेली असणार. रेकॉर्डर सेलवर, तो चालू राहिला.”

मग मी तो तुकडा मोठ्या सिस्टीमवर लावला, बटणांविना, दोन्ही टोकांसकट. पंखा सावकाश थांबत जातो, झोल असलेलं पातं तीन-चारदा कुरकुरतं. कुणीतरी “अरे” म्हणतं. बुवा थांबत नाहीत. आणि खोली एकदम मोठी होते. ते आपोआप पातळी जुळवणारं यंत्र अजून तसंच कान टवकारतंय, पण आता टिपायला पंखा नाही, चोक नाही. बुवा श्वास घेतात आणि जवळ येतात ते दोन तंबोरे. टू-इन-वनवर या अकरा मिनिटांत मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं.

नातीच्या लग्नासाठी मामी पुण्याला आल्या त्या गेल्या डिसेंबरात. वय चौऱ्याऐंशी, कान शाबूत. मामांना जाऊन नऊ वर्षं झाली. लग्नाची धावपळ संपल्यावर त्यांना खुर्चीत बसवलं आणि काही न सांगता आधी माझी जुनी, चढी प्रत लावली. दोनच मिनिटांत म्हणाल्या, “हे कोण रे? बुवांच्या धाकट्या भावाचा आवाज वाटतोय.”

मग दुसरी लावली. काही बोलल्या नाहीत, फक्त पदर सारखा करून बसल्या. 

“मामी, त्या रात्री मधेच लाइट गेली होती का?”

“गेली होती की. चाळीस माणसं दारात आणि गॅसबत्तीला रॉकेल नाही. मी मागच्या दारी शेजारच्यांकडे धावले. तुझ्या मामांना काय, ते बसले होते डोळे मिटून. मला कुठलं गाणं ऐकायला मिळतंय? मी परत आले तर ताना सुरू झालेल्या.”

पंखा थांबला. पातं कुरकुरलं. तेव्हा मामी शेजारच्या परसात रॉकेल मागत होत्या, ती अकरा मिनिटं आता त्यांच्यासमोर चालली होती. बुवा मंद्रातून वर येत होते, घाई नाही. बायको चहा घेऊन आली ती दारातच उभी राहिली. मामींनी हाताने मांडीवर ठेका धरला होता, तो मधेच सुटला आणि त्यांनी परत धरला नाही.

शेवटी, फार बारीक, ट्यूबच्या स्टार्टरची टिकटिक ऐकू आली. दोनदा, तीनदा. मग चोक गुणगुणायला लागला.

“आली लाइट,” मामी म्हणाल्या.